खळ्याची चाल

पालखी आमच्या बेड्यासमोर आली, जागच्या जागी नाचली, मागे सरली, पुढे सरली. एकदा तर तिचा पुढचा दांडा आमच्या खळ्याकडे वळलासुद्धा. आणि मग गर्रकन फिरून ती शेजारच्या घराकडे निघून गेली. बेडं म्हणजे आमच्याकडचं फाटक, दोन दगडी खांबांमध्ये आडवे बांबू. ते बांबू आयेनं सकाळीच काढून ठेवले होते. खळं, म्हणजे पुढचं अंगण, आदल्या दिवशी सारवून घेतलं होतं. हातात नारळाचं तबक घेऊन ती पायरीवर उभी होती, ती तशीच उभी राहिली. मिरवणुकीतला शेवटचा माणूस गेला, उडालेला गुलाल खाली बसला, तरी उभीच.

"आये, आत चल," मी म्हटलं.

"पुढल्या वर्षी येईल," ती म्हणाली.

हेच वाक्य ती गेल्या शिमग्याला बोलली होती आणि त्याच्या आधीच्यालाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाई ऐंशीला टेकलेली, गुडघे गेलेले, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, आणि ही म्हणतेय पुढल्या वर्षी. मी तबक तिच्या हातातून काढून घेतलं आणि ओट्यावर आपटलं. तांदूळ सांडले. ती खाली बसून वेचायला लागली तेव्हा तर मला अख्खं गाव पेटवून द्यावंसं वाटलं.

मी प्रमिला भुवड. चिपळूणच्या एका शाळेत खेळाच्या तासाची बाई होते, आता निवृत्त झाले. पोरं मला शिट्टीबाई म्हणायची. रागीट आहे हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कोणी सांगायला नको. आमचं गाव संगमेश्वराच्या वरच्या अंगाला, डोंगरात. शिमग्याला ग्रामदेवीची पालखी घराघरांत जाते. गावातले बाप्ये ती खांद्यावर घेतात आणि ढोलाच्या तालावर नाचवतात. कुठं वळायचं, किती वेळ थांबायचं हे ती स्वतः ठरवते, खांदेकरी फक्त खाली असतात, असं सगळे मानतात. खळ्यात आली की गावकर, म्हणजे गावाचा मुख्य मानकरी, घरच्या माणसाला नाव घेऊन नारळ मागतो. घरातलं कोणीतरी नारळ पुढं ठेवतं, आणि नारळ ठेवला की मगच पालखी खाली टेकते. तोवर ती जमिनीला लागू द्यायची नाही. मग गाऱ्हाणं होतं, त्या घराचं बरं व्हावं म्हणून गावकर देवीला साकडं घालतो, सगळे त्याला "होय महाराजा" म्हणतात, आणि ते घर वर्षभरासाठी गावात धरलं जातं. लग्नाचं बोलावणं येतं, लावणीला चार माणसं येतात, कोणी आजारी पडलं तर डोली करायला खांदे मिळतात. पालखी प्रत्येक घरात जाते. फक्त आमच्या घरात यायची बंद झाली होती.

का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. माझा बा वारला तेव्हा गावकीनं ठरवलं की चुलतभाऊ अग्नी देईल. मी एकुलती एक. मी म्हटलं, बाप माझा, अग्नी मी देणार. आणि दिला. तिथं कोणी काही बोललं नाही. त्या शिमग्याला पालखी आमच्या बेड्यावरून पुढे गेली. केलं मी, आणि भोगायचं आयेनं, कारण मी चिपळूणला आणि ती गावात.

मी गंगाआबांकडे गेले होते. गंगाराम, आमचे गावकर. धोतर, पांढरी टोपी, बोलणं लोण्यासारखं. मी त्यांना सांगितलं की माणसाला वाळीत टाकणं गुन्हा आहे, कायदा झालाय, मी पोलिसांत जाईन. त्यांनी मला आधी चहा पाजला. मग विचारलं की तुझ्या आयेला विहिरीवर कोणी अडवलं का, दुकानात माल नाकारला का, वाटेत कोणी तोंड फिरवलं का. मला नाही म्हणावं लागलं. कारण तसं खरंच कोणी करत नव्हतं, हसून बोलायचे लेकाचे.

"मग आमी काय केला?" आबा म्हणाले. "पालखी आमी अडवत नाय, पमे. आईच वळत नाय. आता आईवर केस घालतेस काय?"

बसलेले चार जण हसले. मी चहा अर्धा टाकून उठले. माणसानं अन्याय केला तर त्याची गचांडी धरता येते. देवीच्या नावानं केला तर धरायचं काय, तिचा पदर?

तर त्या दिवशी मी ओट्यावर धुमसत बसले होते. आये तांदूळ वेचत होती. पालखी शेजारी येसूमावशीच्या घरापाशी पोचली होती. मधे दगडांचा गडगा आडवा असल्यानं मला दिसत काही नव्हतं, फक्त ढोल ऐकू येत होता. आणि एकदम ढोल मोडला. मोडला म्हणजे फुटला नव्हे. चालता ठोका थांबून जड ठोका सुरू झाला, सावकाश, दोन-दोनचा. लगेच येसूमावशीच्या खळ्यात गलका झाला. पालखी वळली होती.

माझे कान उभे राहिले. ही खळ्याची चाल. मी बाच्या मांडीवर वाढले होते. गावात पालखीचा ढोल वीस-पंचवीस वर्षं त्यानंच वाजवला, आणि संध्याकाळी ओट्यावर बसला की माझ्या पाठीवर बोटांनी चाली वाजवायचा. वाटेची वेगळी, चढणीची वेगळी, खळ्याची वेगळी. मला त्या पाठ होत्या, शब्दशः पाठीला पाठ होत्या. आणि आत्ता माझ्या लक्षात आलं की आमच्या बेड्यासमोर खळ्याची चाल वाजलीच नव्हती. वाटेची चाल होती ती तशीच राहिली, उलट जरा दामटली होती.

आता शाळेतली एक गोष्ट सांगते, म्हणजे मला काय कळलं ते तुम्हालाही कळेल. कवायतीला मी ढोल वाजवायचे. तोंडानं "थांब" म्हटलं तर निम्मी पोरं थांबतात. ढोलाचा ठोका जड केला की सगळी थांबतात, न सांगता. एकदा मी गंमत म्हणून सांगितलं, आज ढोलाकडे लक्ष द्यायचं नाही, मैदानावर आपापल्या मनानं चालायचं. मी वाजवत राहिले. दोन चकरांत सगळ्यांचे पाय ढोलावर. मी वेग वाढवला, ती भरभर चालली. मी जड केला, त्यांचे गुडघे वाकले. नंतर विचारलं तर म्हणाली, "बाई, आम्ही आमच्या मनानंच चाललो." खोटं बोलत नव्हती. पायांनी ढोलाचं ऐकलं होतं आणि मनाला पत्ताच नव्हता. वर मन म्हणतंय, मीच ठरवलं.

म्हणजे आईच वळत नाय काय? मी उठून उभी राहिले. तीन वर्षांत पहिल्यांदा माझा राग कुठंतरी जायला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी पालखी आमच्याच वाटेनं वरच्या वाडीला जाणार होती. खालच्या वाडीतली राहिलेली घरं असली तर जाताना तिथं वळते. म्हणून सकाळी मी धाकूदादाला गाठलं. बानं ढोल ठेवल्यावर पालखीपुढं वाजवायचं काम त्याच्याकडे आलं होतं. बाचाच चेला, आमच्या घरी जेवून वाढलेला. देवळाच्या मागे उन्हात बसून तो ढोलाच्या दोऱ्या आवळत होता. मला बघून त्यानं मान खाली घातली.

मी त्याला सरळ विचारलं की आमच्या बेड्यापाशी तू ढोल का मोडत नाहीस.

"मी कुठं काय करतो," तो म्हणाला. "पालखी जशी चालते तसा हात चालतो. ती वळली की हात आपोआप मोडतो."

"तू खांदेकऱ्यांना विचारलंस कधी? ते म्हणतात, ढोल वाजतो तसे पाय पडतात."

त्यानं दोरीची एक गाठ सोडली. मी म्हटलं की ढोलवाला म्हणतो मी पालखीमागं, खांदेकरी म्हणतात आम्ही ढोलामागं, गावकर म्हणतो सगळे देवीमागं. छान आहे. एका म्हातारीला तीन वर्षं उपाशी उभं करायला एवढी माणसं लागली आणि त्यात केलं कोणीच नाही.

धाकूदादाचा चेहरा पडला. तो लबाड माणूस नव्हता, हे मला तेव्हाही दिसत होतं, आणि म्हणूनच जास्त राग येत होता. त्यानं हात पुढे करून माझ्यासमोर उपडे धरले, मला दाखवत असल्यासारखे. म्हणाला, "पमे, तुमच्या बेड्यापाशी आलो की छातीत धडधडतं. कधी एकदा पुढं जातो असं होतं. आबांकडे बघवत नाय, तुझ्या आयेकडे बघवत नाय. मग हात पळतो."

"मग आज पळू देऊ नकोस. आज मोड."

"मुद्दाम?" तो घाबरून म्हणाला. "मुद्दाम मोडला तर ते देवीशी खोटं व्हईल."

"आणि न मोडणं मुद्दाम नाही?"

तो पुन्हा दोऱ्या आवळायला लागला. मी तिथून निघाले ते तडक घरी येऊन माळ्यावर चढले. बाचा जुना ढोल गोणपाटात गुंडाळून ठेवलेला होता. धूळ झटकली, दोऱ्या ओढून बांधल्या, चामड्याची पानं उन्हात तापवली. आमच्याकडे बाईमाणसानं पालखीच्या ढोलाला हात लावायचा नाही. मी दोन्ही हात लावले.

आये दारात आली. ढोल बघून तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, विटाळाचं काहीतरी बोलणार.

"पमे, ठेव तो."

"नाही ठेवणार."

"ह्या घरात तो ढोल नको वाजवू. माझं ऐक."

मी ऐकलं नाही. मी तिला म्हटलं की तू फक्त तबक घेऊन उभी राहा, आज पालखी खळ्यात येते की नाही बघ. आत जाऊन तिनं लुगडं बदललं. तिला पालखी हवी होती हो, मला ठाऊक होतं. रात्री झोपेतसुद्धा ती गाऱ्हाण्याला "होय महाराजा" म्हणायची.

दुपार कलताना पालखी आली. वाटेची चाल जोरात, खांदेकरी घामानं निथळत होते, पुढच्या दांड्याला लक्ष्मण, आमच्याच भावकीतला. मी गडग्याआड ढोल गळ्यात घालून उभी होते. पालखी बेड्यासमोर आली, घुटमळली, आणि धाकूदादाच्या ढोलानं आदल्या दिवशीसारखाच वेग घेतला. मी टिपरू उचललं आणि खळ्याची चाल सुरू केली.

दोन ठोके एकमेकांवर आदळले. खांदेकऱ्यांचे पाय गोंधळले, मागचा एक जण पुढच्याच्या टाचेवर चढला, पालखी वेडीवाकडी झुलली. बायका किंचाळल्या. गंगाआबा ओरडले की कोण वाजवतंय, बंद करा. मी आणखी जोर केला. बाच्या ढोलाचा आवाज खोल आहे, गावातल्या कुठल्याच ढोलाचा तसा नाही, आणि चाळीशीच्या वरच्या प्रत्येक माणसाच्या पायांना तो माहीत होता. लक्ष्मणाचा गुडघा वाकला. मग दुसऱ्याचा. मी धाकूदादाकडे बघितलं. त्यानं डोळे मिटले होते. त्याचा हात एकदा अडखळला, दोनदा अडखळला, आणि माझ्या ठोक्यात येऊन मिळाला.

पालखी वळली. दोन दगडी खांबांमधून आमच्या खळ्यात आली आणि रांगोळीवर नाचायला लागली.

मला रडू आलं नाही. मला ओरडावंसं वाटलं. वाजवता वाजवताच मी ओरडले, "बघा, वळली. आई वळत नाय म्हणत होतात ना?"

गंगाआबा खांबापाशी थांबले होते. क्षणभर चेहरा पांढरा. पण तो माणूस उगाच एवढी वर्षं गावकर नव्हता. त्यांनी टोपी सारखी केली, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "आई आली. तिच्या मनात आलं, आली. तिची इच्छा." आणि आयेकडे वळून, "सखारामाच्या घरकारणी, आण नारळ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन वर्षं देवीच्या आड लपले, आता पकडले गेले तरी देवीच्याच आड. मी म्हटलं, "आबा, तिची इच्छा नाही. माझा ढोल आहे. आज मी वळवली, आणि तीन वर्षं तुम्ही सगळ्यांनी मिळून वळवली नाहीत. एवढं एकदा तोंडानं म्हणा, मग नारळ."

पालखी नाचत होती, कारण मी वाजवत होते. आबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते आयेलाच म्हणाले, "वयनी, पोरीचं डोकं फिरलंय. तू नारळ ठेव. झालं गेलं सगळं सारवलं जाईल."

आये पायरी उतरून खाली आली. तबक हातात होतं. मला वाटलं, आता ठेवते, आणि ठेवला तरी मला चाललं असतं. तिनं ठेवला नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू आत्ता सांगितलंस ते मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "ढोल मोडला की पालखी वळते. मी ढोलवाल्याशी संसार केलाय, पमे."

"ठाऊक होतं? मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कुठल्या तोंडानं बोलू? सुभद्राच्या बेड्यावर ढोल मोडत नव्हता तेव्हा तो कुणाच्या गळ्यात होता?"

आमच्या घरावरून पाखाडीच्या पायऱ्या वर जातात, तिथं सुभद्राकाकीचं घर आहे, एकटं. ती ऐन विशीत नवऱ्याला सोडून माहेरी परत आली होती. तो मारायचा. गावकीनं बैठक घेतली आणि परत जा म्हणून सांगितलं. ती भर बैठकीत नाही म्हणाली. मी तेव्हा जन्मले नव्हते. मला आठवतं तसं त्या घरी पालखी कधी गेलीच नाही, आणि ती जात नाही हे माझ्या कधी मनातही आलं नाही. पालखी प्रत्येक घरात जाते, असं मी पोलिसांत देण्यासाठी लिहिलेल्या अर्जातसुद्धा लिहिलं होतं. काल पालखी वळली नाही तेव्हा ती कुंपणापाशी उभी राहून आमच्याकडे बघत होती. मला वाटलं होतं, मजा बघतेय.

"बा मुद्दाम करायचा?" मी विचारलं.

"पयल्या वर्षी रडला घरी येऊन," आये म्हणाली. "हात पळाला म्हणाला. दुसऱ्या वर्षी रडला नाय. मग त्याच्या ध्यानातनंच गेलं."

मी ऐकत होते आणि वाजवत होते. बा माझ्या पाठीवर हळुवार बोटांनी चाली वाजवायचा तो. त्याच बोटांनी. आबांवर, धाकूदादावर, सगळ्या गावावर काढलेला माझा राग परत फिरून माझ्याच ओट्यावर येऊन बसला, आणि तिथं ज्याच्यावर काढायचा तो माणूस मीच माझ्या हातानं जाळून आले होते.

आये आबांकडे वळली. "पालखी पयली सुभद्राच्या खळ्यात न्या. मग हितं या, नारळ तयार हाय."

आबा म्हणाले की तिचं घर गावकीत नाही, असं कसं चालेल, रीत आहे.

"मग माझंबी घर नको गावकीत," आये म्हणाली. "हितनं उचला."

जी बाई तीन वर्षं पालखीसाठी उपाशी उभी राहिली, तिनं खळ्यात आलेल्या पालखीला जा म्हणून सांगितलं. तबक घेऊन ती मागे सरली आणि पायरीवर बसली. नारळ मांडीवर ठेवला आणि त्यावर हात ठेवला. नारळाशिवाय पालखी टेकवता येत नाही. खांदेकऱ्यांचे दंड थरथरायला लागले होते. लक्ष्मण मला म्हणाला, "पमाताय, काय ते लवकर कर, खांदा जातोय."

धाकूदादानं गळ्यातला ढोल काढला आणि आमच्या रांगोळीशेजारी खाली ठेवला. "आजपास्नं माझ्या हातावर माझाच भरवसा नाय," तो म्हणाला. आता गावात एकच ढोल वाजत होता. मी खळ्याबाहेर पडले आणि चढणीची चाल धरली. पालखी माझ्यामागून निघाली. लोक म्हणतील, त्यांनी विचार करून ठरवलं. मी म्हणते, पाय आले.

पाखाडी चढताना मला दम लागला, पण हात थांबला नाही. सुभद्राकाकीच्या कुंपणापाशी पोचले आणि ढोल मोडला. जड, सावकाश, दोन-दोनचा. पालखी वळून तिच्या खळ्यात शिरली. खळं सारवलेलं होतं. दर शिमग्याला ती ते सारवायची, हे नंतर आयेनं सांगितलं.

सुभद्राकाकी दारात आली. वाळकी, ताठ बाई. तिनं पालखीकडे बघितलं नाही, माझ्या ढोलाकडे बघितलं.

"सखारामाचा ढोल," ती म्हणाली.

"हो, काकी."

"त्यो मेला त्या दिवशी मी पोटभर जेवले."

माझ्या बापाबद्दल असं कोणी बोललं असतं तर मी जीभ हासडली असती. मी मान हलवली. ती ओट्यावर बसली, पाय खाली सोडून, आणि बघत राहिली. पालखी नाचत होती. गंगाआबा धापा टाकत पाखाडी चढून आले. खांदेकऱ्यांचे चेहरे लाल झाले होते, बदली खांदे पुढे येत होते आणि थकून मागे जात होते. ज्या घरात माझ्या उभ्या जन्मात पालखी आली नाही, तिथं ती आता हलेना. नारळ आल्याशिवाय टेकवायची नाही, आणि नारळ मागायचा तर गावकरानं घरच्या माणसाचं नाव घेऊनच. आबांनी ते नाव गावात कधी उच्चारलं नव्हतं. तिच्याबद्दल बोलायची वेळ आली तर "ती वरची" म्हणायचे.

आबांनी आजूबाजूला बघितलं. कोणी त्यांच्याकडे बघेना. ते दोन पावलं पुढे झाले आणि पुटपुटले, "सुभद्रा, नारळ आण."

"ऐकू नाय आलं," काकी म्हणाली.

आबांनी माझ्याकडे बघितलं. ढोल जरा हळू कर, असं ते बघणं होतं. मला हळू करता आला असता. तळव्याची कातडी निघाली होती, खांदा भरून आला होता. बा समोर असता तर मी त्याला विचारलं असतं, भांडले असते, त्याच्या पाठीवर धपाटे घातले असते. बा नव्हता, त्याचा ढोल होता. मी जिवाच्या आकांतानं वाजवायला लागले.

"सुभद्रा," आबांना ओरडावं लागलं. आवाज चिरकला. "सुभद्रा रामा पांचाळ, आईसाठी नारळ आण."

खालच्या वाडीपर्यंत गेलं ते नाव. आमच्या पायरीवर बसलेल्या आयेनं ते ऐकलं आणि ती उठून उभी राहिली.

काकी मात्र लगेच उठली नाही. पदर सारखा केला, खांदेकऱ्यांकडे एकेक करून बघून घेतलं, मग गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि नारळ आणायला आत गेली. ती बाहेर येईपर्यंत मी वाजवत होते, आणि तिला अजिबात घाई नव्हती.